कोनी राह्यलं का?

१

गाडी सुरू करायच्या आधी आमचे हे गिअरवर हात ठेवायचे आणि मागे न बघता विचारायचे, "कोनी राह्यलं का?"

मागून सवाऱ्या म्हणायच्या, "कोनी नाई, चाल." मग गाडी हलायची. एखादा पानठेल्यावरून ओरडला, "मी राह्यलो ना बे!" तर हे थांबायचे. "चढ, चढ लवकर," म्हणायचे. सरकता दरवाजा धडकन लागल्याचा आवाज आला की गिअर टाकायचे. कोण चढलं ते वळून बघायचे नाहीत. बालाघाट ते लामता, लामता ते बालाघाट, दिवसभर हेच चालू. ह्यांचं नाव भोजराज, पण त्या रस्त्यावरचे निम्मे लोक ह्यांना 'कोनी राह्यलं' म्हणूनच ओळखतात. आजवर एक सवारी मागे सोडली नाही ह्याचा ह्यांना भारी गर्व. माझ्या माहेरी, आमगावला, लग्नाच्या पंगतीतून उठतानासुद्धा तोंडातून तेच निघालं, तर आचारी भांड्यामागून म्हणाला, "मी राह्यलो ना जावईबापू, वाढा मले बी!" सगळा मांडव हसला.

मी मात्र काळजीची बाई. कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघते. माझी पोरगी, अपेक्षा, झोपली असली की तिच्या नाकाखाली बोट धरते, श्वास लागतो की नाही. आता ती पहिलीत आहे, तरी धरते. हे म्हणतात, "तुले तं सदा काई ना काई वाटतेच." त्यामुळे पुढे खरंच काही वाटलं तेव्हा माझं कोणी ऐकेना.

ह्या उन्हाळ्यात लग्नसराई लवकर उरकली आणि आमची सवाऱ्यांची इको व्हॅन दारात रिकामी उभी राहिली. अपेक्षाला समुद्र बघायचा होता. सासूबाईंनाही बघायचा होता, गुडघे पुरते जायच्या आधी. त्यांना आम्ही सगळे मायच म्हणतो. स्टँडवर ह्यांना कोणी सांगितलं की आपल्याकडून विशाखापट्टणमला गाडीनं जाता येतं, वाटेत मोठा घाट, डोंगरावर थंडगार गावं, कॉफीचे मळे. शेगडी, तांदूळ, चटयांचं गाठोडं शेवटच्या सीटवर टाकलं. पुढे माय, मधल्या सीटवर मी आणि अपेक्षा. निघालो.

२

घाटावरच्या त्या गावाचं नाव मला माहीत नाही. पाटी होती, पण तिथली अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती. टिनाच्या छपराचं एक उतारूंचं घर होतं. सांभाळणारी बाई ठेंगणी, नाकात दोन्ही बाजूंनी नथण्या. तिला हिंदीतले चार शब्द येत होते, खाना, पानी, चाबी आणि कल. बोलणं सगळं हातांनी. मायनं तिला आपली तंबाखूची डबी उघडून दाखवली, तिनं आपली दाखवली. दोघींचं जमलं.

खोली स्वच्छ होती. दोन खाटा, एक खिडकी. खिडकीबाहेर ढग. बालाघाटला तेव्हा डांबर वितळत होतं आणि इथे आम्ही चादरी ओढून बसलो होतो. अपेक्षा खिडकीच्या काचेवर तोंडानं वाफ सोडायची आणि बोटानं गोळे काढायची. मला सगळं छान वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण मला असं फार कमी वेळा वाटतं.

सकाळी निघालो तेव्हा धुकं इतकं की गाडीच्या पुढचा दगड दिसेना. नथणीवाली बाई चाबी घेऊन आत गेली होती. माय पुढे बसली. अपेक्षाला मी मधे, माझ्याजवळ बसवलं आणि तिच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळत होते. दरवाजाकडची जागा रिकामी होती, तिथं मी पाण्याची बाटली ठेवली होती. दरवाजा उघडाच होता.

ह्यांनी गिअरवर हात ठेवला. "कोनी राह्यलं का?"

"मी राह्यली," बाहेरून आवाज आला.

बारीक आवाज. लहान पोरीचा.

"चढ, चढ लवकर," हे म्हणाले.

गाडी किंचित खाली दबली, सवारी चढते तेव्हा दबते तशी. दरवाजा सरकला, धडकन लागला. ह्यांनी गिअर टाकला. मी टॉवेलची गाठ मारत होते.

घाटाची दोन-तीन वळणं उतरल्यावर माझ्या लक्षात आलं, आम्ही सगळे तर आत होतो.

"अवो," मी म्हटलं, "मघाशी कोन बोललं?"

"कोन म्हंजे? अपेक्षा."

"अपेक्षा माह्याजवळ होती."

"मंग तू असशीन."

"मी काहून म्हनन, मी राह्यली म्हनून? अन् दरवाजा कोनं लावला?"

"उतारावर गाडी उभी होती, आपोआप लागला. झालं का तुहं सुरू?"

आमच्या घरी भूतखेत मानत नाहीत. माय विहारात जाते, वंदना घेते, अंगारेवाल्याला उंबऱ्यातून परत पाठवते. मीही मानत नाही. मी मनात म्हटलं, गावातलीच कोणी पोरगी असेल, गंमत केली असेल.

पण मग आणखी एक गोष्ट मनात आली, ती काही केल्या जाईना. त्या गावात आमची बोली कोणालाच येत नव्हती.

३

अपेक्षा मला सारखी खेटत होती.

"सरक ना तिकडं, गरम होते," मी म्हटलं. "एवढी जागा पडली हाये."

"कुठी हाये जागा?" ती म्हणाली.

मी बघितलं. तिच्या पलीकडे, दरवाजापर्यंत, सीट मोकळी. बाटली तेवढी खाली पडलेली. अपेक्षा आपले पाय जवळ घेऊन अशी बसलेली, जशी लामत्याच्या बाजाराच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत पोरं बसतात. एका बुडाच्या जागेत अर्धं बूड.

घाट संपला तिथं एका टपरीवर थांबलो. आम्ही तीन चहा सांगितले आणि पोरीला एक दूध. चहावाल्यानं गाडीकडे एकदा बघितलं आणि दुधाचे दोन छोटे ग्लास आणून ठेवले. एक अपेक्षासमोर, एक तिच्या बाजूच्या रिकाम्या स्टुलासमोर.

"एक, भैया. एकच बच्ची है," हे म्हणाले.

त्यानं मान हलवली, हसला, आणि ग्लास न उचलता गेला.

"राहू दे," माय म्हणाली. "देऊन राह्यला तं पेऊन घेतो. मले कोन दूध देते म्हातारपनी?" तिनं तो ग्लास उचलला आणि फुंकून फुंकून प्यायली. हे हसले. मीसुद्धा हसले.

अपेक्षा हसली नाही. ती आजीकडे बघत होती, जसं एखाद्यानं दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाल्लं की आपण बघतो.

४

विशाखापट्टणमला लॉज मिळालं ते समुद्रापासून दोन गल्ल्या आत. खोलीत निळा रंग, भिंतीला ओल, पंख्याला आवाज. दुपारी माय घोरत पडली होती. हे खाली शहाळं आणायला गेले होते. मी खाटेवर बसून ओल्या कपड्यांतली वाळू झटकत होते.

बाथरूममधून नळाचा आवाज येत होता. मग्गा भरून ओतल्याचा. मग गुणगुणणं. अपेक्षा अंगणवाडीत शिकलेलं काहीतरी चाल लावून म्हणते, शब्द नसतात, नुसती चाल. तेच.

"अपेक्षा, पानी बंद कर. दुसऱ्याचं घर हाये," मी म्हटलं.

नळ बंद झाला.

"अन् पाय पुसून ये. घसरशीन."

आतून पायांचा पचपच आवाज आला, दारापर्यंत. मग शांत. मी वाट बघितली, दार उघडेल म्हणून.

खोलीचं दार उघडलं. हे आत आले. एका हातात शहाळी आणि दुसऱ्या हातात अपेक्षा. तिच्या तोंडाला मलई लागलेली.

"अवो, ही तुमच्यासंगं होती?"

"मंग? सांगून तं गेलो ना तुले, पोरीले नेतो म्हनून."

मी उठून बाथरूमचं दार ढकललं. आत कोणी नव्हतं. मग्गा उपडा पडलेला, फरशी ओली, नळाला एक थेंब लोंबत होता. बाजूच्या खोलीचा पाइप ह्याच भिंतीतून जात असेल, मी स्वतःला सांगितलं. भिंती पातळ असतात लॉजच्या. पण नळ मी बोलल्यावर बंद झाला होता. माझं सांगणं कोणीतरी ऐकलं होतं.

रात्री मी अपेक्षाला विचारलं, "बेटा, कोनासंगं खेळते तू?"

"कोनासंगं नाई."

"मंग सीटवर जागा कोनाले देते?"

ती झोपेत होती. "तिले," म्हणाली.

"काय नाव तिचं?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काही येड्यासारखं विचारलं.

"आई, आपन तिले बी अपेक्षाच म्हनतो ना."

५

दुसऱ्या दिवशी भीमिलीला गेलो. छान गाव आहे. जुनी घरं, दिवा दाखवायचा पांढरा मनोरा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, जाळ्यांचे ढीग. माय साडी गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभी राहिली. लाट आली की "अगो बाई, अगो बाई" करून पोरीसारखी ओरडायची. हे तिला धरून उभे होते. मी तिला एवढ्या आनंदात कधी बघितलं नव्हतं, म्हणून मीही मन घट्ट केलं. म्हटलं, आजचा दिवस खराब करायचा नाही.

निघताना मायचे गुडघे धरले. ती मधल्या सीटवर आडवी झाली म्हणून मी पुढे बसले. अपेक्षा मागे, सामानात.

"कोनी राह्यलं का?"

"कोनी नाई," मागून अपेक्षा म्हणाली.

तरी मी वळून बघितलं. मी बघतेच. शेवटच्या सीटवर, गाठोड्याला टेकून ती बसली होती. पिवळा फ्रॉक. तोंड मागच्या काचेकडे. भिजलेले केस मानेला चिकटलेले, त्यांतून पाणी गळत होतं.

"केस पूस वो, सर्दी होईन," मी म्हटलं. गाडी निघाली.

रस्ता समुद्राच्या कडेकडेनं वळत जातो. मी माझ्या बाजूच्या आरशात बघत होते, होड्या लहान होत चालल्या होत्या. एका होडीच्या सावलीत पिवळं काहीतरी हललं. मला आधी वाटलं प्लास्टिकची पिशवी. मग ते उठून उभं राहिलं.

मी काय ओरडले मला आठवत नाही. ह्यांनी ब्रेक मारला तशी मी दार उघडून पळाले. चप्पल रस्त्यातच राहिली. वाळूनं तळपाय भाजत होते. अपेक्षा होडीजवळ बसून एका शिंपल्यानं खड्डा खणत होती. रडत नव्हती. आम्ही निघालो हे तिला कळलंच नव्हतं.

"तू गाडीतून केव्हा उतरली?" मी तिला हलवून विचारलं.

"मी बसलीच नोती," ती म्हणाली.

हे धावत आले, पोरीवर ओरडले, "तूच तं म्हनली ना, कोनी नाई म्हनून!"

"मी नाई म्हनली," अपेक्षा म्हणाली.

माय गाडीतून कशीबशी उतरली होती. "माह्याकडं काहून पाहता? मी बी नाई म्हनली," ती म्हणाली.

मी अपेक्षाला कडेवर घेऊन गाडीशी गेले. शेवटच्या सीटवर हात फिरवला. गाठोड्यावर फिरवला. पाणी गळताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सगळं कोरडं होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

६

माझा स्वभाव घाबरा आहे, पण एक सांगते, घाबरणारा माणूस ठरवतो तेव्हा पक्कं ठरवतो. वाळूवरून उचललेल्या अपेक्षाचा हात मी त्यानंतर सोडला नाही. जेवताना नाही, बाथरूममध्ये नाही. झोपताना ओढणीचं एक टोक तिच्या मनगटाला आणि एक माझ्या मनगटाला बांधलं. आणि जागी राहून विचार केला.

सकाळी हे म्हणाले, "जाताना सरळ मोठ्या रस्त्यानं जाऊ. रायपूरपर्यंत एकदम सपाट. घाट कोन चढते आता?"

"घाटानंच जावाचं हाये," मी म्हटलं.

"काहून?"

"तुमच्या गाडीत कोनी चुकून चढलं तं तुमी काय करता?"

ते चाबी बोटात फिरवायला लागले.

"सांगा ना. मागच्या थंडीत ते हट्टा गावची म्हातारी लामत्याच्या गाडीत बसली होती. अर्ध्या रस्त्यात तिले समजलं. तुमी काय केलं?"

"फिरवली गाडी. स्टँडवर आनून सोडली."

"रस्त्यातच उतरवून काहून नाई दिली?"

"असं कसं? जिथून उचलली सवारी, तिथंच सोडा लागते. मधात उतरवली तं ते कुठी जाईन?" एवढं बोलून हे थांबले. चाबी बोटात फिरवत होते ती फिरवायची राहिली. "साधना, मी हे मानत नाई."

"मी बी नाई मानत. मले मानाचं बी नाई. मले फक्त तिले उतरवाचं हाये. गाडीत जागा एका पोरीची हाये अवो. काल ही राह्यली होती. उद्या कुठी राहीन?"

माय खाटेवर बसून डबीतली तंबाखू मळत होती. ती वर न बघता म्हणाली, "भोजू, चढव घाट."

अपेक्षा माझ्या हाताला लोंबकळत होती. ती म्हणाली, "पन तिले आपल्या घरी येवाचं हाये. तिले घर मालूम हाये. मायच्या खोलीत पाल हाये ते बी मालूम हाये."

"तू तिच्याशी बोलू नको," मी म्हटलं. "अन् आज गाडीत कोनी काई बी इचारलं तरी तू तोंडातून शब्द काढाचा नाई. मी सांगन तोवर. समजलं?"

तिनं मान हलवली.

७

घाट चढताना मी दरवाजाकडची जागा मोकळी सोडून बसले. मुद्दाम सोडली. अपेक्षा माझ्या मांडीवर, तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात. वळणावर गाडी कलली की आपण खिडकीकडे झुकतो. तसं त्या मोकळ्या जागेवरचं रेक्झिन करकरत होतं. उजवीकडे वळलं की करकर. डावीकडे वळलं की परत करकर. मी म्हटलं, जुनी गाडी आहे. मग मी तेही म्हणायचं सोडून दिलं.

वर पोहोचलो तेव्हा दुपार होती, तरी ढग खाली आलेला. टिनाचं घर ओळखू आलं. नथणीवाली बाई दिसली नाही. ह्यांनी गाडी नेमकी त्याच जागी, त्याच तोंडानं लावली.

मग हे वळले नाहीत. आरशातही बघितलं नाही. स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "उतरा. गाव आलं."

मी हात लांब करून दरवाजा सरकवला. थंड हवा आत आली.

काही झालं नाही.

"उतरा लवकर," हे परत म्हणाले. आवाज चिरकला.

माय पुढच्या सीटवरून अर्धी वळली. त्या मोकळ्या जागेकडे तिनं बघितलं. तिला काही दिसलं की नाही मला माहीत नाही, मी तिला कधी विचारलं नाही. तिनं तंबाखू थुंकली आणि शेजारच्या पोरीला सांगावं तसं म्हणाली, "उतर वो बाई. आमचं गाव दूर हाये. तुही माय वाट पाहत असन."

गाडी हलकेच वर उचलली गेली.

ते मला कमरेत कळलं. ह्यांनाही कळलं, कारण ह्यांची मान ताठ झाली. रोज शंभर वेळा ज्याला ते कळतं त्याला कळणारच. मी दरवाजा ओढून घेतला. दोन वेळा ओढून बघितला.

"चाला," मी म्हटलं.

ह्यांनी गिअरवर हात ठेवला. ओठ हलले.

"नका इचारू," मी म्हटलं. "अवो, आज नका इचारू."

पण त्या माणसाचा हात त्या शब्दांशिवाय चालत नाही. इतकी वर्षं झाली. गिअर आणि ते शब्द एकच झालेत. त्यांनी विचारलं नाही, ते निघालं.

"कोनी राह्यलं का?"

"आई!"

बाहेरून. दरवाजाच्या अगदी पलीकडून.

"आई, मी राह्यली!"

पहिल्या दिवशीचा आवाज तो नव्हता. तो साधा होता, सवारीचा. हा आवाज मला माहीत होता. ताप आला की हाच, पडली की हाच, रात्री दचकून उठली की हाच. श्वास अडकून अडकून येणारा. "आई, मी इथं हाव! आई, बाबाले थांबव ना! ते मी नोहो, आई!"

तळहातांनी पत्रा बडवल्याचा आवाज येत होता. ह्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

माझ्या मांडीवर अपेक्षा बसली होती. गरम. जड. दोन्ही हात माझ्या हातात. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, जसं मी सांगितलं होतं तसं. ती खिडकीकडे बघतही नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी काय करते ते बघत होती.

"साधना," हे म्हणाले. रडत होते. "साधना, ते आपली—"

"चाला."

"एकदा पाहून तं—"

"चाला म्हनलं ना!"

ह्यांनी गिअर टाकला.

मी बघायचं नाही ठरवलं होतं, पण आरसा पुढे होता आणि डोळे माझेच. धुक्यात, गाडीमागे, एक पोरगी धावत होती. डाव्या मुठीत फ्रॉकचा घोळ वर धरून. आमची अपेक्षा अशीच धावते. मग वळण आलं.

८

शाळा सुरू झाली. अपेक्षा पहिलीत जाते. पोटभर जेवते, शेजारच्या कुशलशी भांडते, पाटी फोडून आली. झोपेत आधीसारखीच माझ्या पोटावर पाय टाकते. डाव्या कानामागचा तीळ आहे. मी बघितला. दंडावर लशीचा डाग आहे. तोही बघितला. काही कमी नाही, काही जास्त नाही.

वाळूवरून उचलली तेव्हापासून तिचा हात मी सोडला नव्हता. एवढं मी कोणासमोरही सांगू शकते. त्याच्या आधीचं मला सांगता येत नाही. होडीजवळ खड्डा खणणारी पोरगी आणि मागच्या सीटवर ओल्या केसांनी बसलेली पोरगी, दोघींमधून मी एकीकडे धावले. जी वाळूवर होती तिच्याकडे. कोणती आई वेगळं करेल?

हे आता विचारत नाहीत. गाडीतून खाली उतरतात, सगळ्या सवाऱ्यांची तोंडं एकेक करून बघतात, मग बसतात. लोक वैतागतात. 'कोनी राह्यलं'ला काय झालं, विचारतात. घरी आले की हे पोरीशी बोलतात, तिला खाऊ आणतात, पण उचलून घेत नाहीत. मी एकदा तिला त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. ते बसून राहिले, हात दोन्ही बाजूंना.

माय तिचे केस विंचरता विंचरता थांबते आणि तिच्या तोंडाकडे बघत राहते. परवा मी फणी तिच्या हातातून घेतली. "माय, असं पाहू नका तिच्याकडं," म्हटलं. "मी जिचा हात धरला ते माही हाये. हे घरात सगळ्यांनी समजून घ्या." तेव्हापासून वेण्या मीच घालते.

आज सकाळी घालत होते. ती पुढ्यात पाटावर बसली होती, पाठ माझ्याकडे.

"आई," ती म्हणाली, "तिथं तू बाबाले चाला काहून म्हनली?"

"तू माह्याजवळ होती म्हनून."

तिनं थोडा विचार केला. रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"अन् मी बाहेर असती तं?" ती म्हणाली. "तरी म्हनली असती?"

तिचं तोंड मला दिसत नव्हतं. फक्त भांग दिसत होता, मी पाडलेला, सरळ.

"समोर पाहून बस," मी म्हटलं, आणि दुसऱ्या वेणीचे तीन पेड हातात घेतले. मी ती वेणी शेवटपर्यंत घातली, घट्ट, आणि तिला शाळेत नेऊन सोडलं.